कान्हूकाकांच्या होडीचं शिंग

मी आमच्या कंप्रेसरचा तो एक कायम ढिला होणारा बोल्ट आवळत होते, तेव्हा कान्हूकाका वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी पिशवीतून एक क्लीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. स्क्रू त्यातच लोंबत होते. स्क्रूंना ओलं, तपकिरी लाकूड चिकटलेलं.

"शिंग निघालं, ताय. व्हडी शेळ्या घेऊन पार मधी गेली. पोहून आनली."

क्लीट म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, डेकवर बसवलेला धातूचा तुकडा. दोन बाजूंना दोन टोकं. होडी किनाऱ्याला लागली की दोर त्याला गुंडाळायचा. काका त्याला शिंग म्हणतात, आणि ते दिसतंही तसंच.

अंबरनाथ एमआयडीसीत आमच्या टाक्या बनतात, फायबरच्या. प्रोडक्शन मी बघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.ई. मेकॅनिकल. हे मी सांगितलं नाही तर आई सांगते, अगदी शिरगावच्या भाजीवालीलासुद्धा. काकांची होडी बारवी धरणाच्या पाण्यात चालते, काठावरच्या पाड्यांवर माणसं-शेळ्या पोचवते. ती काही आम्ही बनवलेली नाही, पण फायबर म्हटलं की लोक आमच्याकडेच येतात.

आमचे सेठ उल्हासनगरचे सिंधी. त्यांनी क्लीट उलटंपालटं करून बघितलं.

"साईं, हम टंकी बनाते हैं. टंकी किधर भाग के नहीं जाती."

"गुरवारी पोरीचं लगीन हाय, सेठ. पाड्यावर वऱ्हाड व्हडीतनंच येनार. व्हडी बांधू कशाला? माझ्या मिशीला?"

पाड्याच्या बाजूला धक्का नाही. होडी खडकाला दोराने ताणून धरायची, तेव्हा माणसं उतरणार. त्यात म्हातारी, पोरं, नवरदेव.

सेठ हसले. "मॅडम, संडे को जाओ. रेझिन अपना ले जाओ. लडकी की शादी है."

उल्हासनगरच्या बाजारातून स्टेनलेसचे बोल्ट घेतले आणि रविवारी धरणावर गेले. काकांनी पहिल्याच वाक्यात अट घातली, "हात मी लावनार. तू नुसतं सांग."

मी पान्याच्या दांड्याने डेक ठोकत गेले. फायबरचा डेक वडापावसारखा असतो. वरखाली फायबर, मध्ये प्लायवूड. चांगल्या जागी टक्क वाजतं, सडलेल्या जागी भद्द. क्लीटभोवती सगळं भद्द.

"याआधी कधी निघालं होतं?"

"दोनदा. मी पुट्टी भरून बसवलं."

माझं डोकं क्लीटभोवतीच्या भेगांवर अडलं होतं. दोराच्या ओढीने भेग ओढीच्या दिशेने जाते. इथल्या भेगा चांदणीसारख्या चहूबाजूंना पसरल्या होत्या. म्हणजे वरून घाव बसलेला. त्या भेगांतून पाणी आत, आणि लाकडाचा चोथा.

"काका, यावर काही आपटता का?"

"नाय."

"हातोडा?"

"नाय गं बाय. पोरीसारखी जपतो."

ते स्क्रूड्रायव्हरने चोथा उकरत होते. त्यातून करवंटीचा तुकडा निघाला. मी तो उचलून त्यांच्यासमोर धरला. काका एकदम धरणाकडे बघायला लागले.

काठावर भांडी घासणाऱ्या काकू म्हणाल्या, "सांग ना आता! दर सनाला शिंगावर नारळ कोन फोडतंय?"

"मंग कुठं फोडू? व्हडीत दुसरं कडक हाय काय?"

आमच्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटतो. त्यामुळे मला हे सुचलंच नव्हतं.

सडलेलं सगळं काढलं. जागा वाळवली, पातळ रेझिन ओतून भरलं. उन्हात ते दगडासारखं झालं. मग त्यातूनच नवी भोकं पाडली, म्हणजे पाणी आलंच तरी त्याला लाकूड भेटणार नाही. डेकच्या खालून जाड पट्टी लावली, ओढ सगळीकडे वाटली जावी म्हणून. क्लीटखाली पाणी अडवणारं, मलमासारखं सीलंट लावलं. काका डेकखाली आडवे झोपून नट जीव खाऊन आवळायला लागले.

"थांबा! सगळं सीलंट पिळून बाहेर येईल. आज हलकं आवळा. उद्या पाव फेरा."

"आन नारळ?"

नारळ बंद करा, असं मी म्हणू शकले असते. पण लगीन त्यांचं, होडी त्यांची. होडीत नांगर म्हणून दोर बांधलेला एक मोठा दगड पडला होता.

"हा दगड कोणाचा?"

"व्हडीचा."

"मग काठावर ठेवून त्याच्यावर फोडा. मान होडीलाच."

काकांनी दगडाकडे बघितलं, मग काकूंकडे. "चालंल," काकूच बोलल्या.

गुरुवारी मी पाड्यावर होते. होडी खचाखच भरून आली. काकांनी दोर नव्याने बसवलेल्या शिंगाला गुंडाळला आणि खडकाला ताणला. एकेक माणूस उतरलं. शिंग केसभरही हललं नाही. शेवटी नवरदेवाचा मामा उरला. त्याने पिशवीतून नारळ काढला आणि त्या चकचकीत क्लीटवर उगारला.

"ए पावनं!" काका ओरडले. "तिथं नाय! इंजिनेरबायचा दगड हाय, त्याच्यावर!"

तेव्हापासून दगडाला ते नाव पडलं. आईने हेही भाजीवालीला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सेठनी नव्या ऑर्डरचा नारळ आणला. मी सहज बघत उभी राहिले. तो त्यांनी कंप्रेसरच्या फाउंडेशनवर फोडला, बरोबर त्या ढिल्या बोल्टच्या शेजारी.

आता कुठलाही बोल्ट ढिला झाला की लोड, व्हायब्रेशन, गंज हे मी नंतर बघते. आधी विचारते, इथे नारळ कोण फोडतं?