वहिनींच्या वडिलांनी जपलेलं नाणं

मुलामामामांनी चाळीस वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात काढली. नळ, कड्या, घड्याळांचे पट्टे, जे येईल ते आम्लात बुडवायचं, चाकावर घासायचं आणि वर चकचकीत थर चढवायचा. गल्लीने ठेवलेल्या या नावातला एखादा ‘मा’ कुणी गिळे, कुणी पदरचा घाली. ते सगळ्यांना ओ देत. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक रंग पालटलेली जुनी नाणी त्यांना दाखवायला आणू लागले. मामा भिंगातून बघत आणि म्हणत, असंही असेल, तसंही असेल. सूर्य उगवला का विचारलं तरी हे आधी खिडकीशी जाऊन येतील, असं त्यांची बायको म्हणे.

एका सकाळी वहिनी आल्या. थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते आणि वहिनी त्या घरात नुकत्याच आलेल्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी स्वतःचा स्वेटर उसवून त्याच लोकरीचा दिराला विणला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी मामांकडे कधी काही मागितलं नव्हतं.

रुमालाच्या गाठीतून त्यांनी एक पांढरं नाणं काढलं. त्यावर पिवळट तपकिरी पट्टे होते. त्यांचे वडील बस कंडक्टर. एकदा हे नाणं त्यांच्या पिशवीत आलं, तेव्हा खिशातलं दुसरं टाकून त्यांनी ते ठेवून घेतलं. टांकसाळीतूनच हे वेगळं निघालंय, असं ते शेवटपर्यंत सांगत. मुलं हसत. परवा तर वहिनींचा धाकटा भाऊ चारचौघांत म्हणाला होता, की बाबांनी जन्मभर एक डाग सांभाळला.

“डाग असेल तर डाग म्हणा,” वहिनी म्हणाल्या. “मी काही रडत बसणार नाही.”

मामांचा हात सवयीने पॉलिशच्या फडक्याकडे गेला. मळकं दिसलं की आधी पुसायचं, हे अंगात मुरलेलं. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

“भावजी, आयुष्यभर घासलंत. आज नुसतं बघा.”

मामांनी भिंग उचललं, पण त्यांना धास्ती वाटत होती ती स्वतःच्याच डोळ्यांची. या बाईला हवं ते सांगता यावं म्हणून ते डोळे काहीही बघतील. म्हणून त्यांनी उलटं ठरवलं, हा डागच आहे हे सिद्ध करायचं. घामाचा, आम्लाचा डाग खळग्यात साचतो, अक्षरांच्या पायथ्याशी. तिथे काळा मळ होताही. पट्टे मात्र त्याला जुमानत नव्हते. ते अक्षरांवर चढत, पलीकडे उतरत आणि सरळ पुढे जात. नाणं उलटलं, तर मागेही पट्टे त्याच दिशेने. एक तर कडेवरून वळून पलीकडे गेलेला. वरून थर चढवला असता तर झिजलेल्या जागी खालचा रंग दिसला असता; तिथेही पट्टा जसाच्या तसा. समोरच्या सोनाराच्या काट्यावर ते त्याच जातीच्या साध्या नाण्याइतकंच भरलं. फडकं फिरलं असतं, तर ताडून बघायला मळ उरला नसता आणि पट्टेही चकाकीत फिके पडले असते.

“वहिनी, हा डाग नाही. ओततानाच धातू नीट मिसळला नव्हता. नाणी कापायचा पत्रा लाटला तशा त्याच्या रेघा लांबत गेल्या. तुमचे बाबा बरोबर होते.”

“असंही असेल, तसंही असेल ना?” वहिनींनी डोळे बारीक केले.

“नाही. असंच आहे.”

आतून बायकोने विचारलं, आज खिडकीशी गेला नाहीत का. वहिनी हसल्या, आणि हसता हसता रुमाल डोळ्यांशी नेला. किंमत त्यांनी विचारलीच नाही. धाकट्यासाठी तेवढं लिहून मागितलं. मामांनी दोन ओळी लिहिल्या आणि खाली, बऱ्याच वर्षांत केली नव्हती अशी ठळक सही केली.

वहिनी त्याच चिठ्ठीत नाणं गुंडाळायला लागल्या. आता मामांनी त्यांचं मनगट धरलं. शाई ओली होती. एवढं करून खराच डाग पडायचा. त्यांनी नाणं एका छोट्या डबीत घालून दिलं.

दाराशी मामांना बरंच काही म्हणायचं होतं. “तो स्वेटर फार उबदार होता, वहिनी,” एवढंच तोंडातून निघालं.

“कोपरात सैल झाला होता तो,” वहिनी म्हणाल्या आणि डबी मुठीत घेऊन जिना उतरल्या.