पेरावहिनीची पंगत

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी ताक घुसळत होते. फोन भाच्याचा, प्रदीपचा. "आत्या, आई गेली," तो म्हणाला. मागून कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं. मी विचारलं, "जेवली होती का रे?" असं का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही. मरणाच्या बातमीवर असं कुणी विचारतं का... पण प्रदीपला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाला, "दोन घास खाल्ले. अण्णांच्या हातून." त्याला आता महिना होऊन गेला. त्या घरात माणसाच्या जगण्यामरण्याचं बोलणं जेवणावरूनच सुरू व्हायचं, आणि ती सवय आम्हाला तिनंच लावली होती.

माझी ही वहिनी इटलीची. नाव पिएरा. उत्तरेकडच्या सपाट, धुक्याच्या मुलखातल्या शेतमजुराची लेक. बाहत्तरच्या दुष्काळात एका मदत-पथकाबरोबर नर्स म्हणून ती आमच्या आष्टी तालुक्यात आली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची लेकरं तपासायची, सुकडीचा कोरडा खाऊ वाटायची. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, तेव्हा गावातल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होता. पण गुरंच छावणीत गेल्यावर दूध कुठलं आणि सोसायटी कुठली. बी.ए. झालेला, मोडकंतोडकं इंग्रजी येतं, म्हणून त्याला पथकाबरोबर दुभाष्याचं काम मिळालं. पथक परत गेलं, ती राहिली. रजिस्टर लग्न करून अण्णा तिला कडा गावाजवळच्या आमच्या गावी घेऊन आला, तेव्हा माझे वडील, आबा, ओसरीवर बसलेले. त्यांनी नाव विचारलं. "पिएरा," ती म्हणाली. आबांना ऐकू आलं 'पेरा'.  ते म्हणाले, "दोन सालं झाली, रानात पेरा न्हाई. घरात तरी आला म्हणायचा." ही थट्टा होती की होकार, आम्हाला कुणालाच कळलं नाही. पण त्या दिवसापासून गाव तिला पेराबाई म्हणू लागलं.

आल्यापासून ती फार कमी खायची. तिखट सोसायचं नाही, आणि रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी तर आमच्याच घशाखाली उतरत नव्हती. एक दिवस आईनं, घरात डब्याच्या तळाशी थोडं गव्हाचं पीठ निघालं म्हणून, चकोल्या केल्या. पातळ वरण, त्यात कणकेचे काप सोडून शिजवलेले, वरून लसणाची फोडणी. वहिनीनं पहिला घास घेतला आणि ताट मांडीवर धरून रडायलाच लागली. आई घाबरली. "लई तिखट झालं का गं?" वहिनीनं नाही म्हणून मान हलवली. अण्णानं विचारून सांगितलं, की तिच्या माहेरीही असंच करतात. घेवड्याच्या आमटीत कणकेचे तुकडे, गरिबाच्या घरचं जेवण, तिची आई आठवड्यातून दोनदा तरी करायची. आईला त्याचं नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "मंग. चूल तर सगळीकडं सारखीच की." आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली. त्यानंतर आईच्या मागंमागं फिरून वहिनी मराठी शिकली, त्यामुळं शेवटपर्यंत तिची मराठी अस्सल आमच्या आईची होती. मी शाळेत शिकवायला लागल्यावर पुस्तकी बोलायला लागले, ती मात्र 'कावून' आणि 'लई' म्हणत राहिली.

आमच्यात पुरुष आधी जेवायचे, मग पोरं, मग उरलंसुरलं घेऊन बाया चुलीपाशी. तिच्या माहेरी दुपारी सगळं घर एका टेबलाभोवती बसायचं आणि आई बसल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आमच्या रीतीबद्दल पहिले काही महिने ती काही बोलली नाही. पण तिचं लक्ष होतं. टोपली आमच्यापर्यंत येईतो तिच्यात कोर-अर्धी भाकरी राहायची, ती आई आम्हा दोघींना वाटून द्यायची आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन म्हणायची, "मला भूकच न्हाई." एक दिवस वहिनीनं तिला विचारलं, "आई, तुमाला रोज कावून भूक न्हाई?" आई भांडी घासायला उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं भाकरीची टोपली उचलली, ओसरीवर आबा आणि अण्णाच्या मधोमध नेऊन ठेवली, आईचा हात धरून तिला तिथं आणून बसवलं आणि स्वतः आबांच्या समोर बसली.

"हे काय चालवलंय?" आबा म्हणाले.

"जेवण हाय, आबा. समद्यांचं."

"आमच्यात बाया मागून जेवत्यात."

"मागून काई उरत न्हाई."

आबा ताटावरून उठले. चूळ भरून, चपला घालून निघून गेले. आईनं कपाळाला हात लावला. "उठवलंस की गं त्यांला भरल्या ताटावरून..." पण वहिनी जेवली नाही, आईही नाही, आणि मग अण्णाही नाही. टोपली तशीच झाकून राहिली. दिवस मावळायला आबा परत आले, त्याच जागी बसले. आई पाणी घेऊन पुढं झाली तेव्हा त्यांचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. बांगड्या निसटून पडू नयेत म्हणून तिनं त्या दोऱ्यानं एकमेकींत बांधल्या होत्या. "हे दोरे कशाला?" त्यांनी विचारलं. "ढिल्या झाल्यात," आई म्हणाली.  आबांनी स्वतः टोपली ओढली, भाकरी मोडली आणि अर्धी आईपुढं ठेवली. "बस," म्हणाले. एवढंच. आईनं नवऱ्यासमोर बसून खाल्लेली ती पहिली भाकरी. ती खाताना तिनं पदर तोंडावर घेतला होता... आणि आबांनी पूर्ण जेवणभर मान वर केली नाही.

पुढं पाऊस पडला, घर सावरलं, दूध सोसायटी पुन्हा सुरू झाली. आबा-आई यथावकाश गेले. पंगत मात्र मोडली नाही. वहिनीच्या हातचं जेवण साधं असायचं. एका वेळी एकच पदार्थ वाढायची, तो संपला की दुसरा. ताट भाकरीच्या तुकड्यानं पुसून लख्ख करायचं. शिळी भाकरी टाकायची नाही, आमटीत कुस्करायची. जेवणावर चहा म्हणजे तिला पापच वाटायचं. आणि एक सवय अशी, की जेवता जेवता तोंडानं दुसऱ्याच जेवणाच्या गोष्टी. आमच्याकडं जेवताना बोलू नये म्हणतात. ही चटणी-भाकरी खात असायची आणि सांगत असायची की माहेरी मक्याचा घाटा कसा करायचे. पोलेंता म्हणायची त्याला. तांब्याच्या भांड्यात घोटायचा, लाकडी पाटावर ओतायचा, थिजला की दोऱ्यानं कापायचा. सोबत खायला काही नसायचं, तेव्हा छताला टांगलेल्या एकाच खारवलेल्या माशाला तो सगळ्यांनी घासायचा, नुसत्या वासासाठी. "हसू नकोस," ती मला म्हणाली होती. "पोट भरायचं त्याच्यानं."

उन्हाळ्यात वर्षाचा टोमॅटोचा रस शिजवून बाटल्यांत भरून ठेवायची तिच्या माहेरची पद्धत. आमच्याकडं टोमॅटो मातीमोल होऊन बांधावर फेकले जायचे, ते बघून ती हळहळायची. त्यातूनच तिनं गावातल्या बायांची सहकारी संस्था काढली. टोमॅटोचा रस आणि हातशेवया. सोसायटीच्या जुन्या गोदामात मोठी कढई चढली. कढई ढवळायला कौसल्या असायची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, दणकट, खळखळून हसणारी. संस्थेमुळं पहिल्यांदा दिवाळीनंतर तोडीला न जाता कौसल्या गावात राहिली. दुपारी बाया गोल बसून एकत्र जेवायच्या, वहिनी मध्ये. मी सुट्टीत गेले की त्यात बसायचे. तिथं जेवलेल्या जेवणाची चव आजही माझ्या जिभेवर आहे.

मग दोन हजार बाराचा, मोसंबीच्या बागा वाळल्या तो दुष्काळ आला. टोमॅटो तर नव्हतेच, बाहेरून आणता आले असते. पण बाटल्या धुवायला, उकळायला पाणी लागतं. गावात टँकर आठवड्यानं यायचा. बाया म्हणाल्या, संस्थेच्या नावानं वेगळा टँकर मागू. वहिनी म्हणाली, "लेकरं घोटभर पाण्याला रांगेत, अन् आपण बाटल्या धुवायच्या व्हय?" तिनं स्वतःच्या हातानं गोदामाला कुलूप लावलं. घरातही पाणी ओतून टाकावं लागेल असं काही शिजवणं बंद केलं. त्या दिवाळीनंतर कौसल्या पुन्हा टोळीबरोबर निघाली. पहाटे ट्रॅक्टर थांबलेला. वहिनीनं मक्याचा घाटा थिजवून, दोऱ्यानं कापून, फडक्यात बांधून तिला दिला. "चार दिस टिकतो," म्हणाली. वहिनीची आईही दर साल भातशेतीत निंदायला परमुलखात जायची, तेव्हा असाच घाटा बांधून न्यायची. कौसल्या हसली. "येते की, पेराबाई. कढई घासून ठेवा." ती आली नाही. उसानं भरलेली गाडी उलटली, तिच्याखाली ती गेली. तिचा नवरा निरोप घेऊन आला तेव्हा वहिनी पीठ मळत होती. तिनं हात धुतले, त्याला बसवलं, जेवू घातलं. तो जाईपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण त्यानंतर तिनं पोलेंता कधी केला नाही, आणि गोदामही उघडलं नाही. बाकीच्या बायांनी दोनदा विचारलं, मग त्याही पांगल्या.

गेल्या दोन वर्षांत ती विसरायला लागली. आधी नावं गेली, मग माणसं. आणि मग मराठी गेली... एका दिवसात नाही, विहिरीचं पाणी उतरतं तशी. राहिली फक्त तिची माहेरची बोली. ती तासन्‌तास बोलायची आणि घरात कुणालाच काही कळायचं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही तिचे शब्द शिकलो होतो ते स्वयंपाकघरातलेच. पाने म्हणजे भाकरी. साले म्हणजे मीठ. बास्ता म्हणजे पुरे. मान्जा म्हणजे जेव. तेवढ्यावर अण्णा तिला सांभाळायचा. ती घाबरून ओरडायला लागली की तो जवळ बसून म्हणायचा, "मान्जा, मान्जा," आणि ती तोंड उघडायची. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा अण्णा मला म्हणाला, "तिनं माझी सगळी भाषा घेतली बघ. मी तिच्या चुलीच्या पुढं कधी गेलोच न्हाई."

शेवटच्या आठवड्यात ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, अण्णाचा हात धरून. लांबलचक, शेवटी वर जाणारं, काहीतरी विचारल्यासारखं. त्यात आमच्या ओळखीचा एकही शब्द नव्हता. प्रदीपनं मोबाईल तिच्या तोंडापाशी धरून अर्थ लावायचा प्रयत्न केला. मोबाईलला ती भाषा इटालियन वाटलीच नाही. तिच्या गावाकडची बोली असणार, आमच्यासारखीच. अण्णा दर वेळी उत्तर द्यायचा, "हो गं. हो." ती क्षणभर त्याच्याकडं बघायची आणि पुन्हा विचारायची.

तेरावा झाल्यावर मी बीडला परत निघाले, तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात एकटाच बसला होता. सुनेनं ताट वाढून ठेवलेलं. मला वाटलं तो कुणाशी तरी बोलतोय. दारात थांबले. तो ते वाक्य म्हणत होता, तिचंच, जसंच्या तसं, शेवट वर नेऊन. एक-दोनदा अडला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. मला बघून थांबला. "विसरू नये म्हणून म्हणतो," तो म्हणाला. "कोणी तिकडचं माणूस भेटलंच कधी, तर विचारता येईल." मग त्यानं ताट पुढं ओढलं. मी त्याच्या शेजारी बसले.