खुर्शीदबीचे उपाशी मासे

डोईवरच्या घागरीतून काहीतरी गार, ओलं नर्मदाबाईच्या कानामागं उतरलं आणि मानेवर येऊन थांबलं. नरसी मागं पडून बराच वेळ झाला होता, साखरा अजून लांब होतं. एका हातात नामदेवाचा प्रसाद, दुसऱ्या हातानं घागर धरलेली. खाजवायची सोय नव्हती.

"आपा, तुमचं जनावर माझ्या मानेवर येऊन बसलं."

पुढं चालणारी खुर्शीदबी झटकन वळली. "हलू नको नरमदे! पडंल बिचारं."

"अन् मी पडले मंजी?"

"तू मोठी हायस. उठशील."

खुर्शीदबीनं झोपलेलं लेकरू उचलावं तशी ती गोगलगाय दोन बोटांनी उचलली, पुन्हा आत सोडली आणि घागरीच्या तोंडावरचं ओलं फडकं घट्ट केलं. घागरीत कयाधूचं पाणी, नदीतली झाडं आणि मूठभर गोगलगाई. देवाच्या गावाहून लोक बुक्का आणतात, लाह्या आणतात. नर्मदाबाई माळकरी बाई, दर महिन्याला नरसीला पायी जायची. पण डोक्यावर गोगलगाई घेऊन परतायची ही पहिलीच खेप.

"नामदेवाला काय मागितलंस गं?" खुर्शीदबीनं विचारलं.

"काय मागणार? म्हणलं, देवा, आपाच्या पेटीतलं शेवाळ जाऊ दे. मागताना मलाच लाज वाटली. लोक तिथं मोक्ष मागून राहिले अन् मी शेवाळ!"

"मोक्षाला वेळ हाय. माझे पाहुणे जुम्म्याला येणारेत."

खुर्शीदबी साखऱ्याची बांगडीवाली. निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन ती घरोघर हिंडायची. गावातल्या प्रत्येक बाईचं मनगट तिला डोळे मिटून ओळखू यायचं. नवी नवरी कितीही रडली तरी तिच्या हातात चुडा असा सरकायचा, की तिला कळायच्या आत हात भरलेला असायचा. भरताना बांगडी पिचली तर ती आपल्याकडून दुसरी घालायची. कुणी म्हणालं, "बी, आमच्यात जेवून जा," तर जेवायची. पुढच्या घरीही म्हणाले तर तिथंही जेवायची. कुणाला "न्हाई" म्हणताना तिला कुणी ऐकलंच नव्हतं. नर्मदाबाई म्हणायची, आपाच्या जिभेला तेवढ्या एका शब्दाचं हाड आडवं येतं.

तिचा एकुलता एक पोरगा फारुक हैदराबादेत एका साहेबाच्या बंगल्यावर मोटारी धुवायचा. साहेबानं माशांची नवी काचपेटी घेतली आणि जुनी, गळक्या कोपऱ्याची, फारुकला देऊन टाकली. त्यानं कोपरा डांबरानं बुजवला, पेटी गवतात गुंडाळून रेल्वेनं हिंगोलीला आणली आणि तिथून बैलगाडीत मांडीवर घेऊन घरी. पेटीत वाळू घातली, पाण्यातली झाडं लावली, डब्यातून आणलेले सोनेरी मासे सोडले. साखऱ्यानं तोवर मासा एक तर ओढ्यात बघितला होता, नाहीतर कालवणात. सगळा गाव ओसरीवर लोटला.

जाताना फारुक आईला बजावून गेला. "अम्मी, पेटी सावलीत ठेव. खायला चिमटीभरच, तेबी दिवसाआड. जास्त टाकलं तर ते सडतं अन् सगळं शेवाळ होतं. साहेबाच्या माळ्यानं सांगितलंय." तो आणखी एक गोष्ट करून गेला. वाटेत हिंगोलीत मोहियोद्दीन अत्तरवाल्याकडं थांबला. त्यांची लेक त्याच्या मनात होती. बोलता बोलता सांगून बसला, की आमच्या घरी काचेत मासे फिरतात, आरपार दिसतात, नवाबाच्या घरी असतात तसे. मोहियोद्दीन म्हणाले, बराबर, येऊन बघतो. मुलीचा बाप घर बघायला येणार ते त्या माशांच्या जोरावर. बाकी खुर्शीदबीच्या घरात बघण्यासारखं काय होतं? एक खाट, एक हारा आणि छपराला दोन भोकं.

आणि मासे दिसेनासे झाले होते.

त्याला कारण साखऱ्याचं पुण्य. माशाला पिठाची गोळी घातली की पुण्य लागतं हे सगळ्यांना ठाऊक. आजवर त्यासाठी नरसीला नदीवर जावं लागायचं. आता पुण्य गल्लीतच आलं. शेजारची पंचफुलामावशी सकाळी पूजा आटोपून पाच गोळ्या घालायची. कुणी भाकरी कुस्करायचं, कुणी भात. मोहरमचा मलिदा पडला, एकादशीची भगर पडली. नर्मदाबाईनं स्वतः नैवेद्याच्या पुरणाची गोळी टाकली होती. नामदेवानं प्रत्यक्ष देवाला जेवू घातलं, त्याच्या मुलखात कुणाला उपाशी बघायची सवय कशी असणार? खुर्शीदबी दारात उभी राहून बघायची, तळमळायची आणि म्हणायची, "टाका बाई, टाका. तुमचंच घर हाय."

शिवाय सगळ्यांना नीट दिसावेत म्हणून पेटी उन्हात सरकवलेली. आठवड्यात काच हिरवी झाली, मग पाणी हिरवं झालं, मग झाडांवर हिरव्या जटा वाढल्या. पाणी बदललं, तरी पुन्हा तेच. पेटीत मासे आहेत हे आता फक्त विश्वासावर होतं.

उपाय सांगितला नामाजी धनगरानं. तो पेटीसमोर उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मावशे, हिरवं लई माजलंय. चरायला जनावर सोड."

"नामा, ह्याच्यात मेंढरू मावंल का?"

"बारकं बघ ना कायतरी."

बारकं म्हणजे गोगलगाय. म्हणून ही कयाधूची खेप.

घरी पोचल्यावर दोघींनी पेटी आतल्या अंगाला सावलीत ओढली. काच घासली, गोगलगाई सोडल्या, नदीतली नवी झाडं रोवली. शेवाळाला ऊन मिळू नये आणि गावाला मासे दिसू नयेत, म्हणून नामाजीनं आपली काळी घोंगडी वरून पांघरली. कुणी घोंगडी उचलू नये म्हणून नर्मदाबाई राखणीला बसली. नुसतं काय बसायचं, म्हणून माळ ओढत बसली.

तिथंच चुकलं.

पंचफुलामावशी आली. बघते तर झाकलेलं काहीतरी, आणि समोर माळकरी बाई डोळे मिटून जप करतेय. मावशीनं हात जोडले.

"नर्मदे, कोण बसलेत गं?"

"कोणी न्हाई मावशी. मासेच हायेत."

"मासे!" मावशीचा आवाज एकदम खाली आला. "मत्स्यावतार!"

"अवो न्हाई, तेच आपले जुने—"

"जुनेच तर. सगळ्यात पहिला अवतार तो!"

नर्मदाबाई समजावत राहिली आणि मावशी हळदकुंकू आणायला गेली. दुपारपर्यंत घोंगडीवर झेंडूची फुलं, समोर नारळ. मशिदीच्या अंगाच्या बायकांनी बघितलं, खुर्शीदबीच्या घरी काहीतरी झाकलंय आणि लोक पाया पडतायत. त्यांनी वरून हिरवी चादर घातली, ऊद लावला. आणि जो येईल तो घोंगडीची कड हळूच उचलून एक गोळी आत सारायचा. आधी पुण्य नुसतं लागत होतं, आता पावणार होतं.

"आपा, न्हाई म्हणा ना कुणाला तरी!" नर्मदाबाई कुजबुजली.

खुर्शीदबीनं तोंड उघडलं. समोर एक म्हातारी हातात शिळ्या भाकरीचा तुकडा घेऊन उभी. खुर्शीदबीनं तोंड मिटलं आणि कड उचलून धरली.

तेवढ्यात नामाजी घोंगडी परत न्यायला आला. त्यानं चादर बघितली, फुलं बघितली, नारळ बघितला. आल्या पावली गेला आणि आपला शिंगाळ एडका आणून पेटीजवळच्या खुंटीला बांधला.

पुढचं सगळं एडक्यानं केलं. पंचफुलामावशीनं गोळी काढली, एडक्यानं मावशीच्या हातातूनच खाल्ली. फुलं खाल्ली, भाकरी खाल्ली. नारळ त्याला फोडता येईना, तर शिंगानं अंगणात ढकलून दिला. चादरीचा कोपरा चघळला, तेव्हा मशिदीच्या बायका लगबगीनं चादर घेऊन गेल्या. मावशी म्हणाली, "वाहनबी आलं!" आणि दुसऱ्या दिवशी एडक्यासाठी वेगळ्या गोळ्या करून आणल्या. एडका फुगत गेला. घोंगडीखाली मासे निवांत उपाशी राहिले, गोगलगाई गुमान चरत राहिल्या.

जुम्म्याला मोहियोद्दीन आले. सोबत फारुक, अंगात इस्त्रीचा सदरा. चहा झाला. मोहियोद्दीननी खाट बघितली, छपराची भोकं बघितली आणि म्हणाले, "हां, तो मछलियाँ?"

खुर्शीदबीचा हात घोंगडीवर गेला आणि तिथंच राहिला. नर्मदाबाईनं मनात नामदेवाला हाक मारली, आता लाज न वाटता. घोंगडी निघाली.

पाणी ओढ्याच्या उगमासारखं होतं. हिरवीगार झाडं सरळ उभी होती, काचेवर एक गोगलगाय सावकाश निघाली होती, आणि मधून सोनेरी मासे असे वळले, की मोहियोद्दीन खाटेवरून उठून चक्क जमिनीवर बसले. मग म्हणाले, "सुभानअल्ला. रिश्ता पक्का!"

आणि बशीतला मूठभर शिरा उचलून त्यांनी पेटीत टाकला.

फारुकनं डोळे मिटले. एडका दाव्याला हिसका देत राहिला, पण त्या दिवशी पाहुण्यांसाठी त्याला लांब बांधलं होतं.

"निकाहला सगळी हिंगोली घेऊन येतो," मोहियोद्दीन खूश होऊन म्हणाले. "सगळ्यांना हे बघू द्या. प्रत्येकाच्या हातानं माशांना खाऊ द्या."

"बराबर," खुर्शीदबी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाहुणे गेले. नामाजी एडका सोडायला आला. कळप चरायला लांबच्या माळावर निघाला होता, एडक्याला मागं ठेवून भागणार नव्हतं. एडका जाईना, त्याला नामाजी आणि फारुकनं ढकलत नेलं. दोघी ओसरीवर उरल्या. पेटीत शिऱ्याचे कण खाली बसत होते. गल्लीच्या टोकाला पंचफुलामावशी दिसली, हातात गोळ्यांची परात.

खुर्शीदबीनं नर्मदाबाईचं मनगट धरलं, बांगडी भरताना धरायची तसं, हलता येणार नाही असं.

"नरमदे, एक काम कर माझं. माझ्या तोंडात न्हाई बसतच न्हाई. तू माळकरीण, तुझा शब्द कुणी खाली पडू देत न्हाई. आपल्या आळीत सांग, निकाहपत्तुर मासे एकादशी धरून राहिले. आमच्या बायकांना मी सांगते, रोजे हायेत त्यांचे."

"आपा! माळ गळ्यात घालून खोटं बोलू?"

"खोटं कसं गं? कुणी खाऊच घातलं न्हाई तर ते उपाशीच राहतील ना? मंग उपासच झाला की." मावशी दोन घरांवर आली होती. खुर्शीदबीनं मनगट आणखी घट्ट धरलं. "पण आधी सांगायला लागंल. जा माय, मावशीला तिकडंच गाठ. दारात आली की मी परात धरून बसंन."