माया न ठेवलेला ब्लाऊज

माझ्याकडं फॅशन डिझाईनची चार वर्षांची पदवी आहे, आणि ताईच्या साखरपुड्याला मी माझ्या सख्ख्या आत्याला तासभर दोन्ही हात वर करून बसवलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

पदवी अगदी खरी आहे हो! डिस्टिंक्शन आहे. हिमरू कापडाच्या विणकामावर मी ब्याऐंशी पानांचा प्रकल्प लिहिला होता, तो आमच्या मॅडम पुढच्या बॅचला आदर्श म्हणून दाखवतात. (हिमरू मी काचेच्या कपाटात पाहिला. हात लावायची परवानगी नव्हती.) मला बाईचं चित्र सुरेख काढता येतं. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोकी उंच असते, म्हणजे तिच्या डोक्याच्या नऊपट तिची उंची. अशा बायका आमच्या मुकुंदवाडीत राहत नाहीत, हा वेगळा मुद्दा!

शिवणाचं म्हणाल तर लॅबमध्ये आम्ही साठ मुली आणि बारा मशिनी. त्यातल्या चालू तीन, आणि त्या तिन्हींवर कव्हर. "हात लावू नका गं, बिघडतील," असं मॅडम सांगायच्या. त्यामुळं मशिनीची आकृती काढून भागांना नावं देण्यात मला दहापैकी दहा मार्क पडले. परीक्षेला जो ड्रेस स्वतः शिवून द्यायचा असतो, तो अख्खा वर्ग कॉलेजमागच्या सलीम मास्टरकडून शिवून घ्यायचा. (बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडम दरवर्षी म्हणायच्या, "या मुलींच्या हाताचं वळण किती सारखं आहे!")

पदवी मिळाली आणि मी नोकरी शोधायला लागले. पहिल्याच मुलाखतीत एका कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, "पॅटर्न काढता येतो?"

"येतो की! पॉवरपॉइंटवर."

साहेबांनी मला चहा पाजला. नोकरी दिली नाही. पुढचे आठ महिने मी चहाच पीत होते.

अशात ताईचं लग्न जमलं. साखरपुडा आमच्याच गच्चीवर करायचा ठरला आणि आईनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून जाहीर केलं, "टेलरकडं अजिबात जाऊ नका. आपली पिंकी डिग्रीवाली आहे. घरचे सगळे ब्लाऊज तीच शिवणार!"

"आई, मी डिझायनर आहे," मी म्हणाले.

"मग डिझाईनचे शिव!"

बाबा वाळूजला कंपनीत आहेत. त्यांनी शिफ्टच्या बसमध्ये ही बातमी इतक्या अभिमानानं सांगितली, की त्यांच्या एका मित्रानं घरात पडलेलं पायमशीन टेम्पोत घालून पाठवून दिलं. बाबांनी ते पुसलं, त्याला तेल दिलं, हळदीकुंकू वाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की 'बाबा, मला येत नाही' हे चार शब्द मी गिळून टाकले. चार वर्षं त्यांनी ओव्हरटाइम केला होता. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

चार ब्लाऊज आले. एक आईचा, एक मावशीचा, आणि एक पिशोरहून आलेल्या आत्याचा. चौथा होता विहीणबाईंचा, म्हणजे ताईच्या होणाऱ्या सासूबाईंचा. मानाच्या साडीबरोबर द्यायचा म्हणून आईनं त्यांच्या मापाचा जुना ब्लाऊज मागवून घेतला होता. ताईचा पाचवा असायला हवा होता, पण ती मला लहानपणापासून ओळखते. तिनं गुपचूप बाहेर शिवून घेतला.

आत्या ऐसपैस बाई. नऊ डोक्यांच्या हिशोबात बसवायची म्हटली, तर साडेचार डोक्यांत उंची संपते आणि रुंदी सुरू होते. मी तिची अठरा मापं घेतली.

"अगं, किती मोजतीस? माझं शेत मोजायला आलेल्या माणसानं बी एवढं मोजलं नव्हतं!"

"आत्या, हे शास्त्र आहे."

"आसंल बाई. मला शास्त्र नको, झंपर पायजे."

मी वर्तमानपत्रावर आकृती काढली. काय सुंदर आकृती होती! भिंतीवर लावावी अशी. मग कापडावर ठेवून, खडूची रेघ मारून, अगदी रेघेबरहुकूम कापलं. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. चारही ब्लाऊज मी दुपारपर्यंत कापून टाकले आणि मला वाटलं, अरे, एवढंच असतं होय?

मग मशीन सुरू केलं. पाय पुढं मारला की चाक मागं फिरायचं. चाक पुढं फिरलं की दोरा तुटायचा. दोरा टिकला तर कापडाखाली दोऱ्यांचं घरटं व्हायचं. शेवटी सलीम मास्टरना फोन लावला.

"मास्टर, जरा येऊन जाता का?"

"मैं तो नांदेड में हूँ मॅडम, भांजी की शादी है. आपकू काय का टेन्शन? आप तो डिग्रीवाले!"

चार दिवसांत शिवून झाले, पण आईनं आपला घालून पाहिला आणि तिचा उजवा खांदा आपोआप पुढं आला. मी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या! मावशीच्या ब्लाऊजचा मागचा गळा पुढं गेला होता. ती म्हणाली, "मी दिवसभर शाल घेईन हो. थंडी वाजतेय म्हणून सांगीन." (मे महिना होता.) विहीणबाईंचा मात्र बाहेरून बरा दिसत होता. तो मी इस्त्री करून साडीत गुंडाळला आणि देवापुढं ठेवला. तेवढंच माझ्या हातात होतं.

साखरपुड्याच्या सकाळी आत्यानं ब्लाऊज घालायला घेतला. आतून आवाज आला, "पिंके, आत ये!"

आत्याचे दोन्ही हात बाह्यांत गेले होते. हूक आई आणि मावशीनं दोन बाजूंनी ओढून लावले होते. पण काखेत तो इतका आवळला होता, की हात खाली येईनात! खांद्याच्या वर दोन्ही तळवे, जसं कुणी पिस्तूल रोखलंय.

"काढ आता ह्याला!"

काढायला हात खाली यायला हवेत. हात खाली यायला ब्लाऊज निघायला हवा. आम्ही तिघींनी ओढून पाहिलं, पण आता हूकही सुटेनात. एवढ्यात खालून बाबांची हाक आली, "पाहुणे आले!"

"कापून काढते," मी कात्री घेतली.

"खबरदार! कात्री लावून आधीच लई दिवे लावलेत!" आत्या ओरडली. "माझ्या लेकीनं घेतलेल्या साडीतलं कापड हाय हे. मी हितंच बसते गपगुमान."

आम्ही तिला पदर नीट लावून गच्चीवर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. पाहुणे जिना चढून वर आले. सगळ्यांत पुढं नवरदेवाचे वडील. त्यांनी समोर पाहिलं तर एक वयस्कर बाई दोन्ही हात उंचावून बसलेली. ते थबकले, चप्पल काढली आणि वाकून नमस्कार केला.

आत्या तरी काय करणार? म्हणाली, "सुखी ऱ्हावा."

त्यांनी मान वर केली. हात अजून वरच! आशीर्वाद संपला नाही असं समजून ते पुन्हा वाकले. त्यांच्यामागं नवरदेव वाकला, त्याचा भाऊ वाकला, दोन काका, एक आतेभाऊ. रांगच लागली. "लई जुन्या वळणाची माणसं दिसतात," असं कुणीतरी कौतुकानं कुजबुजलंसुद्धा. आत्या घामानं निथळत सगळ्यांना सुखी ठेवत होती.

मग आईनं विहीणबाईंची ओटी भरली आणि साडी-ब्लाऊज हातात दिला. विहीणबाई उंच, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी साडी मांडीवर ठेवली. ब्लाऊज घेतला. आणि त्यांनी तो सरळ उलटा केला! आतली बाजू बाहेर. शिवणीवरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात माया कुठंय?"

आसपासच्या बायका वळून बघायला लागल्या.

आईचा चेहरा उतरला. "अहो, असं काय बोलता? माया कशी नाही? तुमच्या घरी लेक देतोय आम्ही!"

"ते खरं हो, पण ह्यात नाही ना माया. थोडी तरी ठेवायची."

"आम्ही जीव ओवाळून टाकू तुमच्यावर!" मावशी शाल सावरत मधे पडली.

बाबा धावत आले. "काही चुकलं का आमचं? मानपानात काही कमी...?"

"अगं, आज तरी काही बोलू नकोस," नवरदेवाचे वडील बायकोला म्हणाले. ताईच्या डोळ्यांत पाणी. नवरदेव अंगठीची डबी हातात धरून नुसता उभा. ताईचं लग्न माझ्या ब्लाऊजपायी मोडणार, एवढंच मला दिसत होतं.

विहीणबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. मग ब्लाऊज उंच धरला. "अहो, शिवणीतली माया म्हणतेय मी! कापड कापताना शिवणीसाठी जास्तीचं सोडतात ना, ती माया! ह्यात एक सूतभरसुद्धा सोडली नाही. घातला तर श्वास घेता येणार नाही मला. कोण टेलर हा?"

आई म्हणाली, "नवीन होता."

"खरं सांग की गं शालन!" कोपऱ्यातून आत्या गरजली. "आपल्या पिंकीनं शिवलाय. माझा बी!"

विहीणबाईंनी आत्याकडं पाहिलं. "म्हणजे तुम्ही मघापासून आशीर्वाद देत नव्हता?"

"आशीर्वाद कशाचा बाई! हात खाली यायनात माझे!"

मग नवरदेवाच्या वडिलांना पहिल्यांदा हसू फुटलं, कारण ते दोनदा वाकले होते. त्यानंतर गच्ची हसली. ताई डोळे पुसत हसत होती. आत्या हात वर ठेवूनच हसत होती. बाबा हसले आणि मग माझ्याकडं पाहून थांबले. तेवढं सोडून सगळं छान होतं.

"मशीन आहे का घरात?" विहीणबाईंनी विचारलं.

स्थळ सांगणाऱ्यांनी 'मुलाची आई घरीच असते' एवढंच सांगितलं होतं. खरंच होतं ते. हर्सूलच्या घरी बसून बावीस वर्षं त्या ब्लाऊज शिवत होत्या. मुलाचं सगळं शिक्षण त्यावरच झालं होतं.

त्यांनी खोलीत नेऊन आत्याच्या काखेतली शिवण ब्लेडनं अलगद उसवली. आत्याचे हात खाली आले तेव्हा तिनं जो सुस्कारा सोडला, तो गच्चीवरच्या गुरुजींना ऐकू गेला. "कात्रणं आहेत का?" विहीणबाई म्हणाल्या. कात्रणं माझ्याकडं भरपूर होती! त्यातला चौकोनी तुकडा काखेत जोडायला घेऊन, नवी साडी सावरत, त्या मशिनीवर बसल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डिग्री आहे ना गं तुझ्याकडं? सुईत दोरा ओव."

निदान हे तरी येतंय, या आनंदात मी ओवला. उलट्या बाजूनं!

"चित्रं तूच काढतेस?" भिंतीवर लावलेल्या माझ्या स्केचेसकडं बघत त्यांनी विचारलं.

"हो." मला रडू आलं. "काकू, मला फक्त चित्रंच येतात. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही."

"मी आठवीत शाळा सोडली," त्या पाय मारत म्हणाल्या. "गिऱ्हाईक मोबाईलवर गळ्याचं डिझाईन दाखवतं, मला ते कागदावर उतरवता येत नाही. तू मला ते शिकव. मी तुला हे शिकवते. रडतेस कशाला? कापड वाया गेलं, आयुष्य नाही."

दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्यांनी मशिनीच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली, कारण ते डुगडुगत होतं. मग हळूच म्हणाले, "कंपनीत नवीन पोरं येतात ना, त्यांनापण असंच असतं. सहा महिन्यांत शिकतात." आणि अंगठ्या घालायला सगळ्यांना हाका मारत वर गेले.

साखरपुडा दणक्यात झाला. आत्यानं मुद्दाम दोन्ही हात खाली ठेवून आशीर्वाद दिला.

त्यानंतर वर्षभर मी रोज हर्सूलला जात होते. पहिला महिना काकूंनी मला फक्त उसवायला दिलं. दुसरा महिना हूक. कात्री तिसऱ्या महिन्यात हातात आली, तीसुद्धा त्या शेजारी बसल्यावरच. आता मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटंसं दुकान आहे. ब्लाऊज चांगले होतात. बायका हात खाली घेऊन जातात.

मागच्या आठवड्यात एक नवीन बाई ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या. दोन दिवसांवर भाचीचं लग्न होतं. "वेळेवर होईल ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, होईल. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फ्रेमकडं गेलं.

"हे काय लावलंय?"

मी ताठ झाले. "डिग्री आहे माझी. चार वर्षं कॉलेजात शिकलेय मी हे!"

बाईंनी कापड हळूच माझ्या हातातून काढून घेतलं, पिशवीत ठेवलं आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या ताई. मला खरंच घालायचाय तो."