माळावर वड नको

येडशीच्या घाटात मी लहानपणापासून जाते. मामा-मामी पावसाळ्यात एकदा तरी माकणीहून गाडी काढायचे आणि मला उमरग्यातून सोबत घ्यायचे. खाली ओढ्याची घळ, तिथं गार सावली, वानरं, आणि नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. घळीतून वर निघालं की सागवान आणि धावडा. त्याच्याही वर, अभयारण्याची हद्द मागे पडली की, उघडा माळ. बहुतेक लोक खाली घळीतल्या देवळात दर्शन घेऊन परततात. आम्ही मात्र माळापर्यंत चढायचो, कारण डबा तिथंच उघडायचा हा मामीचा हट्ट.

मला माणसांत बोलायला जड जातं. शाळा इंग्रजी, त्यामुळे घरच्या मराठीत माझं वाक्य मध्येच अडखळतं आणि मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, लगेच हसतो. म्हणून मी कमी बोलते. पण बघण्यात मी कुणाला हार जात नाही. चिंकारा उभा असला तर आधी मला दिसतो.

मामी जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मामा, दादा आणि मी येडशीला निघालो. आमच्याकडे हल्ली वर्षश्राद्धाला माणसाच्या नावानं झाड लावतात. मामांनी वडाचं रोप आणलं होतं, आणि ते माळावरच लावायचं त्यांनी ठरवलं होतं. "सावली न्हाय, सावली न्हाय म्हणायची ती तिथं," ते गाडीत म्हणाले. "आता होईल सावली."

मला तेव्हाच ते पटलं नव्हतं.

वर पोचल्यावर मामांनी मामीच्या बसायच्या खडकाजवळ जागा धरली. दादानं कुदळ उचलली आणि एक टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. काळी टोपी, चोचीपाशी पिवळी कातडी, म्हणजे माळटिटवी.

मामांचा चेहरा उतरला. "आजच्या दिवशी टिटवीचा आपशकुन. हाकल रे तिला."

दादा खडा उचलायला वाकला.

"मामा, थांबा," मी म्हणाले. "आपण तिच्या घरात उभे आहोत."

"मॅडम बोलल्या," दादा म्हणाला. "आता पाऊस पडतोय बघा."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. टिटवी दर वेळी कुठल्या बाजूनं अंगावर येते ते मी बघत होते. ती खडकाच्या डावीकडे जास्त चिडत होती. मी तिथं बसले आणि खड्यांमधून नजर फिरवली. अंडी अगदी समोर होती, मुरमाच्याच रंगाची, वर काळे ठिपके. कुदळ पडणार होती तिथून हातभर लांब.

मामांनी वाकून अंडी मोजली. "चार हायत," ते म्हणाले. "जितकी अंडी, तितके महिने पाऊस." मग दादाला, "खाली ठेव ती कुदळ."

"रानात तुम्ही अंडी दिसली की औत वळवता ना?" मी विचारलं.

"व्हय. तेवढा तुकडा सोडतो. पर हितं काय आसंल आसं वाटलंच न्हाय." ते रोपाकडे वळले. "बरं. पिल्लं निघू द्या. पोळ्यानंतर येऊन लावू."

इथं गप्प बसणं सोपं होतं. अंडी वाचली होती, मामा राजी होते. पण वड एकदा वाढला की त्यावर कावळे आणि शिक्रे बसणार, आणि उघड्यावरची पिल्लं त्यांना वरून दिसणार. मग टिटवी, चंडोल, कुणीच इथं राहणार नाही.

"नंतरही नको, मामा. इथं झाडच नको."

दादा म्हणाला, "आईच्या नावाचं झाड हाय गं ते."

"माहीत आहे." माझा आवाज बारीक होता, पण थांबला नाही. कावळ्यांचं मी सांगितलं, जसं जमेल तसं. एक-दोन शब्द इंग्रजीत आले. कुणी हसलं नाही. "ही पाखरं उघड्यावरच जगतात. सावली झाली की ती जातील. मामीच्या नावानं ती जायला नकोत."

मामांनी रोप उचललं, आम्हाला खुणेनं मागे बोलावलं आणि पार सागवानाच्या कडेला जाऊन खाली बसले. आम्हीही बसलो. टिटवी अजून घिरट्या घालत होती. दादानं काहीतरी विचारलं तर मामांनी हातानंच त्याला गप्प केलं.

बऱ्याच वेळानं ती उतरली. थोडं पळाली, थांबली, आमच्याकडे बघितलं, परत पळाली. मग पाय दुमडून मुरमात बसली आणि दिसेनाशी झाली.

"बसली," मामा हळूच म्हणाले. मग उठून त्यांनी रोपाच्या पिशवीची माती झटकली. "ह्याला माकणीला नेऊ. आपल्या बांधाला खड्डा घिऊ. तू यायचंस पोरी, जागा तूच बघायची."

"येते," मी म्हणाले.