हक्कसोडपत्राचं शेवटचं वाक्य

मी चाळीस वर्षं दस्त लिहिले. शिवाजी पेठेतल्या एका खोलीत आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. हक्क, वारस, मजकूर, कबूल हे शब्द दिवसातून शंभरदा हाताखालून गेले, पण ते कुठून आले याचा विचार कधी केला नाही. काम बंद केल्यावर, शहात्तराव्या वर्षी, शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त अरबी शिक्षकांकडे जाऊन बसू लागलो. ते माझ्याहून लहान, पण मी त्यांना मास्तर म्हणतो.

"रायटरसाहेब, जलमभर अरबीवर पोट भरलंसा, आन् अक्षरं आत्ता गिरवताय व्हय?" पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात. महिनाभर आम्ही एकाच मुळावर होतो. पक्कं असणं, लागू होणं, हा त्याचा गाभा. त्यातून हक्क आला, आणि हकीकतही, म्हणजे जे खरोखर आहे ते. तहकीक म्हणजे खरंखोटं तपासणं. मुस्तहिक म्हणजे ज्याला मिळायला हवं तो. खुब्याचं हाड ज्या खोबणीत बसतं तिचा शब्द याच मुळाचा. चौथ्या वर्षात गेलेल्या उंटिणीचाही, कारण आता तिच्यावर ओझं लादता येतं. आपलं नाहक यातलंच, त्यातला 'ना' तेवढा फारसी. शेवटी मास्तरांनी अल-हाक्का लिहिला. टळणार नाही अशी घडी.

मास्तरांची एक पद्धत होती. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य घरून लिहून न्यायचं, आणि ते स्वतःच्या आयुष्यातलं हवं. रचलेलं ते लगेच ओळखायचे. मी हक्कापाशीच अडलो. दोन दिवस कोरा कागद घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'मी माझ्या बहिणीचा हक्क तिला न सांगता काढून घेतला.'

हे खरं आहे. वडील गेले तेव्हा कागलकडच्या अडीच एकराला आम्ही दोघंच वारस होतो, मी आणि माझी धाकटी बहीण. आमच्यात रीत अशी की बहिणीनं हक्कसोडपत्र लिहून द्यायचं, भावानं तिला साडी-चोळी करायची, गोडाधोडाचं जेवण घालायचं. अनेकजणी ते समजून-उमजून करतात. तिनंही केलं असतं कदाचित. मी विचारलंच नाही.

माझा धंद्यातला नेम होता. सहीआधी प्रत्येक दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा, न कळलेलं गावच्या भाषेत सांगायचं, मग सही. त्यासाठीच लोक लांबून माझ्याकडे येत. माझ्या प्रत्येक दस्ताचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: दस्त वाचून दाखवला, समजला, राजीखुशीने सही केली.

ती शाहूवाडीहून सकाळच्या एसटीनं आली. भाताच्या लावणीचे दिवस, चिखलानं बोटं फुटलेली.

"दादा, कसला कागूद ह्यो?"

"वडिलांचं नाव कमी करायचंय. वारसनोंद."

"मग वाच की."

"वाचायचं काय त्यात? तिकडं नंबर जाईल आपला."

तिनं सही केली. कचेरीत साहेबांनी 'मान्य आहे का' विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हो म्हणाली. मी तिला हिरवी साडी घेतली आणि एसटीत बसवून दिलं.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं सातबारा काढला, मग दस्ताची नक्कल काढली. 'मला कुणी सांगितलं नाही,' असं ती म्हणाली, तर त्यानं शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. साडीवर जमीन सोडून आली आणि वर खोटं बोलते, हे तिनं त्यानंतर तीस वर्षं ऐकलं. नवऱ्याकडून, दिराकडून, पुढं सुनेकडूनही. ती माझ्याकडे आली नाही. मीही गेलो नाही. जमीन मी विकली. तिथं आता कारखान्याची शेड आहे.

मी वाक्य वाचून दाखवलं. मास्तरांनी कागद घडी करून परत दिला.

"हे माझ्याम्होरं कशाला वाचताय? ती हाय न्हवं अजून?"

"आहे."

"मग?"

मी दस्ताची नक्कल घेऊन शाहूवाडीला बहिणीकडे गेलो. ती सोप्यात तांदूळ निवडत होती. 'ये' म्हणाली नाही, पण पाट पुढं सरकवला. मी कशाला आलोय ते सांगितलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सून आत होती, म्हणून आवाज खाली ठेवला.

"मोठ्यानं. सूनबाई, ये बाहीर. ऐक."

शेवटचं वाक्य वाचून मी म्हणालो, "हे खोटं आहे. मी हिला वाचून दाखवलं नव्हतं." सून पदर तोंडाला लावून उभी राहिली. जमिनीच्या बदल्यात काय देता येईल ते मी बोलू लागलो, तसा बहिणीनं हात झटकला.

"त्ये ऱ्हाऊ दे. ज्येनं ऐकाय पायजे हुतं त्यो ग्येला. ऊठ, दिराकडं चल."

थोरला दीर पलीकडच्या घरात, खाटेवर. नव्वदीला टेकलेला, पण कान शाबूत. मी पुन्हा सगळं वाचलं, पुन्हा तेच सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पावणं, बहिणीचा कळवळा येणारच की. म्हातारपणी तिची लाज झाकाय आलायसा, बरं केलंसा. पर कागुदावर काय लिवलंय? वाचून दावला, समजला. तुमच्याच हातचं हाय न्हवं?"

"माझ्याच हातचं आहे. म्हणूनच सांगतोय."

"सरकारी शिक्का बसलाय त्यावर. तवा खोटं बोलला न्हाईसा, आत्ता बोलताय."

मी बहिणीकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिनं पायांत चपला घातल्या.

"भावकीची अजून तीन घरं हाईत," ती म्हणाली. "चल."

त्या तिन्ही घरांत मी वाचलं. कुणी चहा दिला, कुणी मान हलवली. खरं मानलं असं कुणाच्याच तोंडावर दिसलं नाही.