तळपायाचे पन्हे

मलकापूरला रेल्वेतून उतरलो आणि वऱ्हाडच्या उन्हाने पहिल्याच पावलाला ओळख करून दिली. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. वऱ्हाडही आता आपलेच, अशा थाटात मी पुणेरी टोपी नीट बसवली आणि धामणगाव बढ्याची एसटी धरली. काम जोखमीचे होते. धाकट्या बहिणीला, सुधाला, तिथल्या एका शेतकरी घरातून मागणी आली होती. मुलगा पुण्यात शिकलेला, सुधाच्या मनात भरलेला. आमचे वडील नसल्यामुळे त्या घरची माणसे पाहून होकार की नकार ते मी ठरवायचे होते. निघताना ती एवढेच म्हणाली, "दादा, तिथे शहाणपणा करू नकोस."

एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या टोपीकडे पाहिले. "दुपट्टा नाही काय, बावा? डोक्शाले बांधा, कान झाका."

"आम्हाला सवय आहे," मी म्हणालो. कसली, ते त्याने विचारले नाही म्हणून बरे.

गावाच्या अलीकडे एसटी बंद पडली. बाकीचे उतारू शहाण्यासारखे बाभळीखाली बसले. मी ताठ मानेने चालू लागलो. दोन्हीकडे भेगाळलेली काळी जमीन आणि पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग. मुलाच्या घरी पोचलो आणि 'नमस्कार' पुरा म्हणायच्या आत ओसरीवर आडवा झालो.

"ऊन लागलं यायले (यांना)," मुलाची आई म्हणाली. यमुनाकाकू त्यांचे नाव. त्यांनी चुलीत कैऱ्या भाजल्या, गर काढला, वाटी माझ्या पायथ्याशी ठेवली आणि ओले फडके आणायला आत गेल्या.

पन्हे! मी वाटी उचलून तोंडाला लावली. गोडाचा पत्ता नाही, धुराचा वास, आणि आंबट असे की कानशिले झणझणली. पण पाहुण्याने टाकू नये म्हणून बोटाने पुसून संपवले. तेवढ्यात काकू आल्या आणि माझ्यातला पुणेकर जागा झाला. "पन्हं छान, काकू. जरा दाट झालंय. आणि आम्ही त्यात वेलदोडा घालतो."

काकू रिकाम्या वाटीकडे पाहत राहिल्या. "ते प्याचं नव्हतं, भाऊ. तळपायाले लावाले आणलं होतं. तळपायाले इलायची कायले (कशाला) लागते?"

सुधाचे लग्न मी वाटीभर गिळून बसलो, असे मला वाटले. धरणी दुभंगेल तर बरे. पण ओसरीवर जमलेल्या घरच्यांपैकी कोणाच्या ओठाची कड हलली नाही. काकूंनी पुन्हा कैऱ्या भाजल्या आणि माझे तळपाय स्वतः चोळू लागल्या. वरमाईचे पाय मुलीकडच्यांनी धुवायचे, ही आपली रीत. मी पाय ओढून घेतले तर त्या दटावून म्हणाल्या, "गपचूप पडा."

संध्याकाळी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "उतरला ताप." आणि मग अख्ख्या घराला हसू फुटले! मुलाचे वडील, काका, मांड्या थोपटून हसत होते, काकूंचा पदर तोंडातून निघेना. मीही हसलो, दुसरे करणार काय?

सकाळी काकूंनी मला चुलीपुढे बसवले. भाजलेल्या कैऱ्यांचा गर कोळायचा, गूळ विरघळवायचा, भाजल्या जिऱ्याची पूड आणि काळे मीठ टाकायचे, माठाचे पाणी ओतायचे. माझे हात कोपरापर्यंत चिकट झाले. "हे प्याचं हाय बरं का," काका पेला देताना म्हणाले. मी तीन पेले प्यालो.

पुण्याला परतलो त्या संध्याकाळी शेगडीवर कैऱ्या भाजायला घेतल्या आणि स्वयंपाकघर धुराने भरून टाकले. आई खोकत बाहेर गेली. सुधाने माझ्या हातातून चिमटा घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "माणसं कशी आहेत?"

रेल्वेत मी यावर चांगले भाषण रचले होते. त्यातले एक वाक्य आठवेना. वाटीची गोष्ट मात्र सगळी सांगितली, आणि शेवटी म्हणालो, "सुधे, माझा ताप उतरेपर्यंत त्या घरात एक माणूस हसलं नाही गं."

सुधाने निखाऱ्यावरची कैरी उलटली.

"मग कळव त्यांना," ती म्हणाली. "होकार."